आर. एक्स. १०० चा कार्ब्युरेटर : घरच्या घरी सफाई आणि फेरजोडणीच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

मामांची यामाहा आर. एक्स. १०० आजपासून कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेतील घरी कामाला घेतली. भारतात हे मॉडेल १९८५ ते १९९६ या काळात तयार झाले आणि मामांची गाडी १९९३ ची आहे. इंजिन ९८ सीसीचे, टू-स्ट्रोक आहे आणि कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, मूळचा मिकुनी व्ही. एम. २० आहे. यंदाच्या पावसाळ्यात गाडी जवळजवळ उभीच होती. दसऱ्याच्या पूजेसाठी ती बाहेर काढली तेव्हा चोक लावला की चालू होत होती आणि चोक काढला की बंद पडत होती. एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर बाद झाल्याचे सांगून बाजारातला नवा, नकली बसवण्याचा सल्ला मिळाला. मामांना तो पटला नाही. ते म्हणाले, "चोकवर चालतीया म्हंजे जीव हाय की तिच्यात. तू बघ."

मामांचे म्हणणे यांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. चोक लावल्यावर पेट्रोलचा एक स्वतंत्र मार्ग उघडतो आणि मिश्रण दाट होते. त्या दाट मिश्रणावर इंजिन चालते, याचा अर्थ ठिणगी आणि कॉम्प्रेशन दोन्ही ठीक आहेत. थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेल्यावर गाडी व्यवस्थित ओढते, म्हणजे मेन जेटही (जास्त थ्रॉटलवर पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी भाग) वाहते आहे. उरतो तो स्लो, म्हणजे थ्रॉटल बंद असतानाची इंजिनची मंद चाल, धरून ठेवणारा पायलट मार्ग, आणि लक्षणे त्याच्याकडेच बोट दाखवतात. दुसरी तक्रार वेगळी आहे. पेट्रोलचा कॉक चालू ठेवून गाडी रात्रभर उभी राहिली की फरशीवर पेट्रोल सांडलेले दिसते. या दोन तक्रारींची कारणे वेगळी असू शकतात, म्हणून त्यांचा तपास वेगवेगळा करायचा असे ठरवले.

कार्ब्युरेटर काढण्याआधी केबल, नळ्या आणि क्लॅम्प यांचे फोटो घेतले. बाहेरचा चिखल आणि तेलकट थर डिझेल व ब्रशने धुऊन काढला, कारण बाहेरची माती उघडलेल्या भागात पडली तर सगळी सफाई वाया जाते. त्यानंतर एअर स्क्रू सोडवण्याऐवजी आधी हलक्या हाताने आत फिरवला आणि टेकेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजले. केवळ अर्धा फेरा लागला. या कार्ब्युरेटरवर तो साधारण दीड फेरा उघडा असायला हवा. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असल्यामुळे तो पायलट मार्गातील हवा कमीजास्त करतो. तो आत घेतला की हवा घटते आणि मिश्रण दाट होते. म्हणजे पायलट जेटमधून पेट्रोल कमी येऊ लागल्यावर कोणीतरी हवा कमी करून मिश्रण सावरले होते. त्या अर्ध्या फेऱ्यात बिघाडाचा निम्मा इतिहास वाचता येतो आणि स्क्रू न मोजता सोडला असता तर तो पुसला गेला असता.

काम गच्चीवर, उघड्या हवेत करायचे ठरवले आहे. खाली देवघरात समई तेवत असते आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत दूरवर पसरते.

६ ऑक्टोबर २०२५

कार्ब्युरेटर उतरवला. बाऊलमधील (कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतील) पेट्रोल फेकून न देता काचेच्या स्वच्छ बरणीत घेतले. थोड्या वेळाने तळाशी पाण्यासारखा वेगळा थर स्पष्ट दिसला आणि त्याच्या कडेला तांबूस गाळ जमला. त्याचा विचार पुढे टाकीच्या नोंदीत केला आहे.

बाऊलचे स्क्रू फुलीचे दिसतात, तरी त्यांना साधा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर लावू नये. ते जपानी मानकाचे, म्हणजे जे. आय. एस. घडणीचे आहेत. फिलिप्सचे टोक त्यांच्या खाचेत पूर्ण बसत नाही आणि जोर दिला की निसटून फुली खाते. अशा अनेक स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तीच त्यांची ओळख. योग्य ड्रायव्हर खाचेत उभा केला, त्याच्या मुठीवर लाकडी हातोडीचे हलके ठोके दिले आणि स्क्रू सुटले. एका स्क्रूची फुली आधीच गेली होती. तिथे सोल्डरिंग गनने उष्णता देऊन जवळच्या धातूला किंचित फुगू दिल्यावर तोही निघाला.

आतले दृश्य अपेक्षेप्रमाणे होते. बाऊलच्या तळाशी मधाच्या रंगाचा चिकट थर, भिंतींवर पांढरी भुकटी आणि पितळी जेटच्या डोक्यावर हिरवट डाग. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. चिकट थर हा जुन्या पेट्रोलचा डिंक आहे. पेट्रोलमधील काही घटकांचे हवेने ऑक्सिडीकरण होऊन तो तयार होतो आणि योग्य द्रावकात विरघळतो. पांढरी भुकटी म्हणजे पाण्यामुळे बॉडीच्या जस्त मिश्रधातूचे झालेले गंजणे. ती द्रावकात विरघळत नाही, खरवडूनच निघते आणि खाली बारीक खड्डे सोडते. हिरवा डाग पितळेचा गंज आहे. बॉडी एकदा स्प्रेने धुतल्यावर चकाकते आणि काम झाल्यासारखे वाटते, पण ही चकाकी फक्त डिंक गेल्याची खूण आहे.

पायलट जेट काढून भिंगाखाली पाहिले. त्यावर २० हा आकडा कोरलेला आहे, म्हणजे भोक साधारण ०.२० मिलिमीटरचे. उजेडाकडे धरले तर भोकाच्या जागी प्रकाशाचा ठिपका दिसायला हवा होता. तिथे अंधार होता. मेन जेटमधून प्रकाश स्वच्छ गोल दिसला. मेन जेट काढल्यावर नीडल जेट (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी निमुळती सुई, म्हणजे नीडल, ज्यात चालते ते) खालून लाकडी काडीने हलके ढकलले की वरच्या बाजूने, व्हेन्चुरीतून, म्हणजे हवा जाण्याच्या अरुंद मार्गातून, बाहेर येते. त्याच्या कडेला एक खाच असते आणि ती बॉडीतील बारीक पिनवर बसते. जोडताना हे लक्षात ठेवले नाही तर जेट तिरपे बसते, म्हणून त्याचा जवळून फोटो घेतला.

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

आजचा दिवस सफाईचा. रबर, प्लॅस्टिक, गॅस्केट, फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) आणि त्याची नीडल आधी पूर्णपणे वेगळे केले, कारण कार्ब्युरेटर क्लीनर रबर फुगवतो आणि एकदा फुगलेली ओ-रिंग पुन्हा मूळ मापावर येईल याची खात्री नसते.

बॉडी आणि जेट यांवर क्लीनर मारून काही काळ भिजू दिले आणि नंतर घरच्या छोट्या अल्ट्रासोनिक टबमध्ये कोमट पाण्यात सौम्य साबण घालून ठेवले. ध्वनिलहरींमुळे पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ब्रश पोहोचू शकत नाही अशा मार्गांतील थर सैल होतो. पाणी फार गरम करू नये आणि साबण तीव्र अल्कलीचा नसावा, कारण अल्कली जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही खाते. लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवण्याचा उपाय अनेक जण सांगतात. पितळ त्याने चकाकते हे खरे, पण बॉडीचा जस्त मिश्रधातू आम्लात झिजतो, म्हणून तो उपाय मी वापरत नाही. टबमधून काढलेले भाग डिस्टिल्ड वॉटरने धुतले आणि लगेच हवेने वाळवले.

पायलट जेटसाठी अनेक पदरी विजेच्या तारेतील तांब्याचा एकच केस वापरला. तांबे पितळेपेक्षा मऊ असते. स्टीलची तार, सुई किंवा टाचणी जेटमध्ये घातली की भोक उघडते, पण त्याचे माप बदलते आणि मग जेटवर कोरलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. भिजलेल्या जेटमधून तो केस पहिल्यांदा शिरला तेव्हा टोकावर तपकिरी चिकट कण आला. ते धुऊन पुन्हा उजेडाकडे धरल्यावर प्रकाशाचा पूर्ण गोल ठिपका दिसला.

एवढ्यावर बरेच जण थांबतात, आणि माझ्या मते घरच्या सफाईतला मोठा दोष इथेच असतो. जेट स्वच्छ आहे याचा अर्थ मार्ग मोकळा आहे असा होत नाही. पायलट जेटमधून वर आलेले पेट्रोल बॉडीच्या आत कोरलेल्या एका बारीक बोगद्यातून जाते, तिथे एअर स्क्रूकडून आलेली हवा त्यात मिसळते आणि मग ते मिश्रण व्हेन्चुरीच्या तळाशी दोन छिद्रांतून बाहेर पडते. एक छिद्र स्लाइडच्या (थ्रॉटलने वर-खाली होणाऱ्या दट्ट्याच्या) पुढे, इंजिनकडे असते आणि बंद थ्रॉटलवर स्लो तेच सांभाळते. दुसरे बायपास छिद्र स्लाइडच्या कडेखाली असते आणि थ्रॉटल किंचित उघडताच कामाला लागते. यापैकी बायपास बंद असेल तर गाडी स्लो धरते, पण थ्रॉटल उघडताना क्षणभर अडखळते. मग लोक नीडलची क्लिप बदलत बसतात.

म्हणून प्रत्येक मार्ग मोकळा असल्याचे डोळ्यांनी दिसेपर्यंत पुढे जायचे नाही, हा या कामाचा नियम ठेवला आहे. डोळ्यांवर चष्मा लावला, क्लीनरची बारीक नळी पायलट जेटच्या रिकाम्या आट्यात घट्ट धरली आणि स्प्रे मारला. एअर स्क्रूच्या भोकातून धार आली. इंजिनकडील छिद्रातून आली. बायपासमधून मात्र फक्त ओल झिरपली. एअर स्क्रूचे भोक आणि इंजिनकडील छिद्र बोटांनी दाबून धरले, म्हणजे सगळा दाब बायपासवर जाईल, आणि पुन्हा स्प्रे मारला. काहीही सुटले नाही. तांब्याचा केस बायपासमध्ये घालून, पुन्हा भिजवून, पुन्हा टबमध्ये ठेवून संध्याकाळी उशिरा त्या छिद्रातून एक काळसर थेंब आणि त्यामागोमाग केसाइतकी बारीक, सरळ धार निघाली. आता दाबून धरलेले भोक सोडले की तिन्ही ठिकाणी धारा एकाच वेळी दिसतात. त्यानंतर हवेचा मार्ग, चोकचा मार्ग आणि बाऊलमध्ये हवा येऊ देणारे भोक याच पद्धतीने तपासले. हवेचे भोक बंद असेल तर बाऊलमध्ये पोकळी निर्माण होऊन पेट्रोल येणे मंदावते आणि तो दोष रस्त्यावर काही मिनिटांनीच प्रकट होतो. ते मोकळे होते.

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

आता गळतीचा तपास. फ्लोट नीडल (बाऊल भरला की पेट्रोल बंद करणारी सुई) सरसकट बदलण्याचा प्रघात आहे, पण त्याआधी बाऊल तपासणे भाग होते. बाऊलच्या मध्यभागी पितळेची उभी ओव्हरफ्लोची नळी असते. पातळी वाढली की जादा पेट्रोल तिच्या तोंडातून खाली जाते. बाऊल हातात सरळ धरून नळीच्या तोंडाच्या बराच खाली राहील इतके पेट्रोल भरले आणि खालच्या टोकाला टिश्यू लावला. थोड्याच वेळात टिश्यू ओला झाला. पेट्रोल तोंडापर्यंत पोहोचलेलेच नव्हते, म्हणजे नळीच्या अंगातच फट होती. भिंगाखाली पाहिल्यावर तळाजवळ केसासारखी उभी चीर दिसली. ही तपासणी न करता केवळ नवी नीडल बसवली असती तर गळती तशीच राहिली असती.

बाऊल पुन्हा धुऊन, पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात ठेवला. चिरेची जागा बारीक एमरीने घासून, फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ थर दिला. सोल्डर बाऊलच्या धातूच्या मानाने फार कमी तापमानाला वितळते, त्यामुळे बाऊलला धोका नसतो. टिश्यूची तीच चाचणी पुन्हा केली. टिश्यू कोरडा राहिला.

फ्लोट हलवून पाहिला, आत पेट्रोलचा आवाज नाही. गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे आले नाहीत. नीडलच्या रबरी टोकावर मात्र सीटच्या कडेने पडलेला गोल वळ स्पष्ट होता. तो नखाला लागतो, त्यामुळे नीडल बदलणे योग्यच.

शाहूपुरीतून रिपेअर किट आणले. नवे जेट चमकदार असते, पण त्यावरचा आकडा खरा आहे की नाही हे पाहिल्याशिवाय मी ते बसवत नाही. तपासणी साधी आहे. पारदर्शक नळीच्या खालच्या टोकाला जेट बसवले, वरची पातळी जेटपासून ३० सेंटिमीटर उंचीवर सतत राखली आणि ताजे पेट्रोल मापाच्या नळकांड्यात सोडले. जुन्या, स्वच्छ केलेल्या २० नंबरच्या जेटमधून ५ मिलिलिटर पेट्रोल यायला सुमारे ९० सेकंद लागले. किटमधील २० नंबरच्याच जेटमधून तेवढे पेट्रोल सुमारे ६८ सेकंदांत आले. प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळाप्रमाणे बदलतो, म्हणून नव्या जेटचा व्यास जवळपास १५ टक्के मोठा निघतो. आकडा २० आणि वागणूक २३ ची. मूळ जेट परत बसवणार. किटमधून फक्त फ्लोट नीडल, सीट आणि गॅस्केट वापरणार.

१८ ऑक्टोबर २०२५

उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात गेलो. घरच्या साधनांनी नीडल जेटची झीज मोजता येत नाही आणि मोजमापाच्या बाबतीत उद्यमनगरसारखी सोय कोल्हापुरात दुसरीकडे नाही. ओळखीच्या टूलरूममध्ये मिस्त्रींनी जेट प्रोफाइल प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवले आणि पडद्यावर त्याच्या भोकाची मोठी सावली पडली. मिस्त्री बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ह्यो गोल न्हाई, लांबट हाय." एका दिशेचे माप दुसरीपेक्षा ०.०३ मिलिमीटरने अधिक भरले.

हा फरक किरकोळ नाही. मिकुनीच्या नीडल जेटवर एक अक्षर आणि एक आकडा असतो. आकडा एकाने वाढला की भोक ०.००५ मिलिमीटरने मोठे होते आणि अक्षर एकाने पुढे गेले की ०.०५ मिलिमीटरने. ओ-० म्हणजे २.६०० मिलिमीटर, पी-० म्हणजे २.६५०. त्या हिशेबाने आमचे जेट एका दिशेने सहा आकडी पायऱ्या ओलांडून गेले आहे. इंजिनाच्या कंपनांनी नीडल वर्षानुवर्षे जेटच्या एकाच बाजूला घासत राहते, त्यामुळे झीज गोल न होता लांबट होते आणि पाव ते अर्ध्या थ्रॉटलवर पेट्रोल जास्त येते. नीडलच्या अंगावरही त्याच बाजूला चकचकीत रेघ आहे. दोन्ही एकत्र बदलायला हवेत, कारण नव्या जेटमध्ये घासलेली नीडल घालणे म्हणजे अर्धे काम.

बाऊलची कड सरफेस प्लेटवर ठेवून पाहिली. स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळल्यामुळे स्क्रूंच्या कानांजवळ ती वर उचलली गेली होती आणि ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजण्याची पातळ पट्टी) मधोमध सहज शिरत होती. घरी येऊन जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर पसरला आणि पाणी लावून आठच्या आकड्यात घासत कड एकसारखी होईपर्यंत काम केले.

२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

नीडल आणि नीडल जेट आले. अक्षर-आकडा मूळ जेटशी जुळवून घेतले. आज आईकडे ओवाळून घ्यायला मामा आले होते, त्यामुळे जोडणी त्यांच्यासमोर झाली. ओव्हरफ्लो नळीची चीर त्यांनी भिंगातून पाहिली आणि "इतक्या वर्सांत ह्यातनं किती पेट्रोल गेलं असंल," एवढेच बोलले.

नीडल जेट खाचेवर बसवले, मग मेन जेट, मग पायलट जेट. पितळी जेट जस्ताच्या आट्यांत बसतात, त्यामुळे टेकल्यानंतर अगदी हलकी पिळ पुरे. फ्लोटची उंची बॉडी उलटी, पण थोडी तिरपी धरून पाहिली. पूर्ण उलटी धरली तर फ्लोटच्या वजनाने फ्लोट नीडलमधली स्प्रिंगची पिन दबते आणि माप चुकीचे येते. पट्टी टेकताक्षणी, पिन न दबता मिळणारे माप खरे. जिभेसारखा पत्रा किंचित वाकवून उंची मॅन्युअलप्रमाणे जुळवली. नंतर पेट्रोलच्या तोटीला उभी पारदर्शक नळी लावून तीत पेट्रोल भरले. अर्ध्या तासानंतरही पातळी खूण केलेल्या जागेवर होती.

स्लाइड घालताना तिच्या तळाची तिरपी कापलेली बाजू एअर फिल्टरकडे यायला हवी. उलट बसली तर इंजिन स्लोवर उतरतच नाही. क्लिप नीडलवर मधल्या, म्हणजे वरून तिसऱ्या खाचेत ठेवली. थ्रॉटलची केबल पुढे दोन फाट्यांत विभागून एक फाटा ऑटोल्यूबच्या (इंजिनला आपोआप तेल देणाऱ्या यंत्रणेच्या) ऑइल पंपाकडे जातो. कार्ब्युरेटरची केबल ताणताना पंपाची खूणही जुळवली. टू-स्ट्रोकमध्ये स्लाइड उघडी आणि पंप मागे राहिला तर तेल कमी पडून पिस्टन जाम होऊ शकतो. एअर स्क्रू दीड फेरा उघडा ठेवला.

किकच्या पहिल्या प्रयत्नांतच गाडी चालू झाली आणि चोक काढल्यावर चालू राहिली. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधील रबर जॉइंटवर पाण्याचा बारीक फवारा मारला. तिथे तडा असता तर आवाज बदलला असता, बदलला नाही. ही चाचणी काही जण क्लीनर स्प्रेने करतात, पण तापलेल्या इंजिनजवळ ज्वलनशील फवारा मारण्याची गरज नाही.

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

आता बरणीतल्या त्या पाण्याच्या थराकडे. टाकी रिकामी करून, कॉकची जाळी साफ करून आणि आतला गंज धुऊन घेतला. नव्या पेट्रोलची एक चाचणी केली, जी कोणालाही घरी करता येईल. १०० मिलिलिटरच्या नळकांड्यात ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घेतले, तोंड बंद करून हलवले आणि स्थिर होऊ दिले. खालचा थर १० वरून २७ च्या आसपास आला. पेट्रोलमधील इथेनॉल पाण्याकडे गेल्यामुळे हा थर वाढतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल धरले तर ९० मिलिलिटरमध्ये ते १८ मिलिलिटर होते, आणि चाचणी जवळपास तेच सांगते.

आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतूनही हे इथेनॉल जाते आणि ऊस उत्पादकांना त्याचा आधार आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १९९३ च्या कार्ब्युरेटरला त्याची जाणीव करून द्यावी लागते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते, काही मर्यादेपर्यंत पाणी पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवते आणि मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी उतरतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाऊलमध्ये नेमके हेच झाले होते आणि पांढरी भुकटी त्याच थराची करणी होती.

दुसरा मुद्दा मिश्रणाचा. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. २० टक्के मिश्रणासाठी हा आकडा साधारण १३.५ येतो. जेट तेच ठेवले तर मिश्रण ढोबळमानाने ८ टक्के पातळ होते. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये सेन्सर हा फरक ओळखून भरून काढतो. कार्ब्युरेटरला सेन्सर नसतो, तिथे तो फरक माणसानेच भरून काढायचा. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रणाने पिस्टनचा माथा जास्त तापतो, म्हणून याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

पहाटे गोकुळ शिरगावकडच्या मोकळ्या रस्त्यावर चाचणी घेतली. मुठीवर पट्टी चिकटवून पाव, अर्धा आणि पाऊण थ्रॉटलच्या खुणा केल्या होत्या, कारण कार्ब्युरेटर रस्त्याचा वेग जाणत नाही, स्लाइड किती उघडली आहे ते जाणतो. बंद ते एक अष्टमांश पायलटचे राज्य, पाव भागापर्यंत स्लाइडच्या तिरप्या कापाचे, पाऊणपर्यंत नीडलचे आणि त्यापुढे मेन जेटचे. या सीमा काटेकोर नसतात, एकात एक मिसळतात, तरी दोष शोधायला पुरतात.

आधी इंजिन पूर्ण गरम करून एअर स्क्रू आत घेऊन मग हळूहळू बाहेर घेतला आणि जिथे स्लो सर्वात वर चढून स्थिर झाले तिथे थांबलो. तो सव्वा फेऱ्यावर स्थिरावला, म्हणजे दीडपेक्षा किंचित दाट बाजूला. नव्या पेट्रोलचा हिशेब लक्षात घेता हे सुसंगत आहे. अर्ध्या थ्रॉटलवर गाडी थोडी कोरडी, म्हणजे पेट्रोल कमी पडल्यासारखी वाटत होती. क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे नीडल वर आली, आणि ओढ भरली. पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर धावून तिथेच इंजिन बंद करून क्लच दाबला आणि गाडी थांबल्यावर प्लग काढला. पोर्सेलीन फिकट, जवळजवळ पांढरे होते, म्हणजे मिश्रण अजून पातळ होते. मेन जेट एक पायरी मोठे बसवून हीच चाचणी पुन्हा केल्यावर खालच्या बाजूला फिकट तपकिरी वलय दिसले. ते जेट कायम ठेवले.

९ नोव्हेंबर २०२५

शेजारच्या काकांनी मामांची गाडी ऐकली आणि स्वतःच्या बुलेट इलेक्ट्रा ३५० चा कार्ब्युरेटर घेऊन आले. हा २९ मिलिमीटरचा, व्हॅक्यूमवर चालणारा प्रकार आहे. इथे केबल स्लाइड उचलत नाही, ती फक्त बटरफ्लाय (हवेच्या मार्गातील फिरती चकती) फिरवते. स्लाइडला रबरी डायफ्राम (पातळ पडदा) उचलतो. डायफ्रामला क्लीनरचा थेंबही लागू द्यायचा नाही. तो साबणाच्या पाण्याने धुतला आणि ताणून उजेडाकडे धरला. कडेच्या घडीत सुईच्या टोकाएवढा प्रकाश दिसला. काकांची तक्रार होती की गाडी ठरावीक वेगापुढे जातच नाही, आणि त्याचे कारण हे छिद्र होते. डायफ्रामच्या वरचा व्हॅक्यूम तिथून हवा शिरल्याने कमी होतो, स्लाइड पूर्ण उचलली जात नाही. डायफ्रामला चिकटपट्टी किंवा डिंक लावून काही साधत नाही, नवा मागवला.

याचा मिक्श्चर स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे आणि तो हवेऐवजी मिश्रण सोडतो, त्यामुळे बाहेर फिरवला की दाट होते. आर. एक्स. च्या अगदी उलट. दोन्ही गाड्या एकाच घरात असतील तर हे वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. स्क्रू काढला तेव्हा स्प्रिंग आणि वॉशर बाहेर आले, पण टोकाची इवलीशी ओ-रिंग भोकातच चिकटून राहिली होती. ती वाकवलेल्या प्लॅस्टिकच्या काडीने काढली. अनेकदा ती तशीच राहते आणि तिच्यावर दुसरी बसवली जाते.

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

मामा स्वतः गाडी घेऊन पन्हाळ्याला जाऊन आले. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. तिथे हवा चार-पाच टक्क्यांनी विरळ होत असल्याने मिश्रण आपोआप थोडे दाट होते, म्हणून तिथल्या प्लगचा रंग पाहून जेट ठरवायचे नाही, असे त्यांना आधीच सांगितले होते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कुठेही अडखळली नाही आणि वर पोहोचल्यावर स्लो स्थिर होते. खाली आल्यावर पाहिलेला प्लग तपकिरी आहे. बाऊलच्या कडेला ओल नाही आणि फरशी कोरडी आहे.

टाकीच्या झाकणाच्या आत कागद चिकटवला आहे : पायलट २० मूळ, मेन एक पायरी मोठा, क्लिप वरून चौथ्या खाचेत, एअर स्क्रू सव्वा फेरा उघडा. गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे आणि मग ड्रेन स्क्रू सैल करून बाऊलमधील उरलेले पेट्रोल काढून घ्यायचे, हेही त्याच कागदावर लिहिले आहे. काकांचा डायफ्राम अजून यायचा आहे. तो आल्यावर त्यांच्या कार्ब्युरेटरची जोडणी वेगळ्या पानावर नोंदवेन.